चाळीस दिवस जमले, पन्नास जमेनात

*आदरणीय बाई,*

*मी वसईची, वय ४२. मुंबईत नोकरी, रोजचा लोकलचा प्रवास. यंदा ईस्टरआधीचे उपासाचे दिवस मी अगदी मनापासून पाळले. ४० दिवस मांस-मासळी बंद, चहात साखर नाही, दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. ईस्टरच्या आदल्या रात्री मिस्साला, देवळातल्या उपासनेला, ग्लोरियाचं स्तुतिगीत सुरू झालं, घंटा वाजल्या, आजूबाजूच्या बायकांचे डोळे भरून आले. आणि माझ्या डोक्यात काय, तर बाबांचे डायपर संपलेत, उद्या मेडिकल उघडं असेल का? सोमवारी नेहमीची ६.५२ची लोकल. काहीच वाटलं नाही, बाई. संध्याकाळी धाकट्यानं विचारलं, "मम्मी, ईस्टर संपला ना?" मी हो म्हटलं.*

*बाबा दीड वर्षं अंथरुणावर आहेत. अर्धांगवायू. बोलता येत नाही, पण कळतं सगळं, हो-नाही मान हलवून सांगतात. फादरांना बोलावून आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून घेऊ असं मी म्हणते. आई म्हणते, तेल लावलं की माणूस जातो. आई म्हणते, अजून वेळ आहे. परवा तर म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत नको, मी गेल्यावर काय ते करा.*

*१० मेला धाकट्याची पहिली कम्युनियन आहे, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर तो पहिल्यांदा घेणार. हॉल घेतलाय, ३०० माणसं, ताटाच्या भावावरून घरात रोज भांडण. त्या दिवशी आईवडिलांनी मुलासोबत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो. मी सहा वर्षं कुमसारला, फादरांपुढं पापं कबूल करायला, गेलेले नाही. मागच्या वेळी फादर माझ्यावर ओरडले होते, बाहेर रांगेतल्या बायकांना ऐकू गेलं. तेव्हापासून मिस्साला जाते, पण कम्युनियनच्या वेळी बाकावरच बसून राहते. मुलगा आता विचारायला लागलाय.*

*मी ढोंगी आहे का?*

*— एक वाचक, वसई*

प्रिय पोरी,

बाई म्हणालीस, त्यामुळे अहो-जाहो माझ्याच्यानं होणार नाही. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. बाई म्हटलं की मला समोर बाक दिसतात.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तू ढोंगी नाहीस. ढोंगी बाईनं घंटा वाजताक्षणी चेहरा उजळवला असता, तिला ते उत्तम जमतं. तू डायपरचा हिशेब करत उभी होतीस. देवळात आजारी बापाची आठवण झाली म्हणून देव रुसला, असं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

उपासाचे दिवस तुला जमले, कारण तिथं काय करायचं ते ठरलेलं असतं. उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागली की घरातली बाई कामाला लागते. डब्यातली भाजी बदलते, फ्रीजरमधलं सुरमईचं पाकीट शेजारणीकडे जातं, पोरांची चॉकलेटं वरच्या फळीवर. शेजारीपाजारी कोणाचा चातुर्मास, कोणाचे रोजे. सोडणं, टाळणं, आवरणं आपल्याकडे सगळ्यांच्याच अंगवळणी पडलंय. पण त्या ४० दिवसांनंतर ख्रिस्तसभा आपल्याला ५० दिवस देते आणि तिथं आपली गाडी अडते. यंदा ५ एप्रिलला ईस्टर झाला, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट, २४ मेला आहे. बोटांवर मोजून बघ. उपासापेक्षा आनंदाला दहा दिवस जास्त दिलेत. त्यांचं आपण काय करतो? रविवारी मटण, फुगे, मार्झिपॅनची अंडी, ती पोरं दुपारपर्यंत फस्त करतात. सोमवारी ऑफिस. सरकारी सुट्टी गुड फ्रायडेची मिळते, ईस्टर रविवारीच येतो म्हणून त्याला वेगळी सुट्टी नाही. मरायला रजा आहे, उठायला नाही, असं आमचे एक मुख्याध्यापक म्हणायचे. (ईस्टरच्या आठवड्यातला शुक्रवारही मोठ्या सणाच्या तोलाचा असतो, त्या दिवशी मांस वर्ज्य नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाच्या आजीनं घरी येऊन माझी उलटतपासणी घेतली होती.)

तेव्हा मुलाला सांग, ईस्टर संपलेला नाही, मी चुकून हो म्हटलं. आईनं चूक कबूल केली की मुलांना फार बरं वाटतं.

आता 'काहीच वाटलं नाही' याकडे येते. पहिल्या ईस्टरला कोणाला काय वाटलं होतं, ते एकदा शुभवर्तमानात बघ. मार्कच्या सोळाव्या अध्यायात बायका थडग्यापाशी जातात, दगड बाजूला झालेला दिसतो, निरोप मिळतो, आणि त्या थरथरत पळ काढतात. भीतीनं कोणाला काही सांगत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीची मरिया थडग्याबाहेर रडत उभी आहे. समोर येशू उभा, तरी तिला वाटतं हा बागेचा माळी. वसईत हे वाचताना मला नेहमी हसू येतं. सकाळी सकाळी वाडीत जो दिसेल तो माळीच असणार, तिचं काय चुकलं? दोघं जण तोंड पाडून अम्माऊस गावाच्या वाटेला लागलेले. बाकीचे दाराला कडी घालून आत बसलेले. आणि थोमा, ज्याला आपण भारतात आलेला प्रेषित मानतो, त्याला ईस्टर कळायला आठ दिवस लागले. त्या सकाळी आनंदानं नाचणारा एकही माणूस मला त्या पानांत सापडलेला नाही. तू त्यांच्यात चांगली खपून गेली असतीस.

त्यांना आनंद झाला तो पुढं, आणि प्रत्येकाला वेगळ्या वेळी. मरियेला तिच्या नावानं हाक मारली तेव्हा. अम्माऊसच्या दोघांना, जेवायला बसल्यावर त्यानं भाकर मोडली तेव्हा. थोमाला, जखमेत हात घालून बघ म्हटल्यावर. आणि पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकून रिकामेच राहिले होते, पहाटे त्याच्या सांगण्यावरून टाकलेलं जाळं भरलं, आणि काठाला लागले तर किनाऱ्यावर कोळसे पेटलेले, त्यावर मासळी, बाजूला भाकर, आणि 'या, न्याहारी करा.' पाचूबंदरच्या कुठल्याही कोळणीला विचार, रात्र दर्यावर काढून आलेल्या माणसाला त्या वेळी काय हवं असतं. प्रवचन तर नक्कीच नाही.

आपले संस्कारही याच जातीचे आहेत. पाणी ओततात, तेल चोळतात, भाकर हातावर ठेवतात, डोक्यावर हात ठेवतात. आधी अंगाला लागतं, मनाला लागायचं तेव्हा लागतं. म्हणून तुला आनंद वाटायला हवा होता, तो का नाही वाटला, हा शोध तू सोडून दे. तुझ्या पत्रातच तीन संस्कार दारात येऊन उभे आहेत, त्यांचं काय करायचं ते बघू.

कुमसारापासून सुरुवात करते. तुझ्या पत्रातली ती सगळ्यात जड ओळ, आणि तू ती घाईघाईत उरकलीस. जे फादर तुझ्यावर ओरडले, त्यांचं चुकलं. यात मी 'पण' घालणार नाही. कुमसारात ऐकलेलं बाहेर फोडणं हा आपल्या धर्मकायद्यात इतका मोठा गुन्हा आहे की तसं करणारा धर्मगुरू बहिष्कृत होतो. ओरडणं म्हणजे गुपित फोडणं नव्हे, हे खरं. तरी बाहेरच्या बायकांच्या कानावर गेलं म्हणजे तुझी अब्रू गेलीच. तू दुखावलीस यात नवल नाही. मी फक्त एवढंच विचारते, की चूक त्यांची आणि सहा वर्षं उपाशी तू, हा कुठला हिशेब?

कुमसार म्हणजे उपासाच्या दिवसांतलं काम, असं आपण धरून चाललोय. (पोर्तुगीज १७३९ साली वसई सोडून गेले, हा शब्द मागे ठेवून गेले.) पवित्र आठवड्यात रांगा लागतात, फादरांना पाणी प्यायला फुरसत नसते, एकेकाला दोन मिनिटं, त्यात कोणाचा तरी तोल जातो. ईस्टर झाला की ती खुर्ची पुढच्या वर्षापर्यंत ओस. आता योहानाचा विसावा अध्याय काढ. पापांची क्षमा करायचा अधिकार येशूनं शिष्यांना कधी दिला? ईस्टरच्याच संध्याकाळी. दारं बंद होती, तो आत आला, 'तुम्हांला शांती असो' म्हणाला, हात आणि कूस दाखवली, त्यांच्यावर फुंकर घातली. तीन रात्रींपूर्वी हेच सगळे त्याला टाकून पळाले होते. कुठं होतात रे, असं एका शब्दानं विचारलं नाही त्यानं. तेव्हा आता ईस्टर झाल्यावर कसली जाऊ, असं मनात आणू नकोस. हीच वेळ आहे, आणि रांगही नाही.

करायचं कसं ते सांगते. धाकट्यालाही पहिल्या कम्युनियनच्या आधी कुमसारला बसवतील. तो मनातून घाबरलेला असेल, तुला सांगणार नाही. त्याला नेशील त्या दिवशी त्याच्या आधी तू जा, त्याच्या डोळ्यांदेखत. किंवा आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्याच चर्चमध्ये, नकोच वाटत असेल, तर त्याआधी एखाद्या दुपारी ऑफिसजवळच्या चर्चमध्ये जाऊन ये आणि त्याला सांग, मीही जाऊन आले. कुठल्याही फादरकडे जायची मोकळीक आहे. जाळीआडून बोलायचं की समोर बसून, हेही तूच ठरवायचं. बसल्यावर म्हण, "फादर, सहा वर्षांनी येतेय, मागच्या वेळी वाईट अनुभव आला, प्रार्थनाही आठवत नाहीत." पुढचं त्यांच्यावर सोड. इतकी वर्षं तू बाकावर बसून राहिलीस, त्याला खरंच काही मोठं कारण होतं की नुसती धास्ती, हे पत्रावरून मला कळत नाही आणि ते मी ठरवायचंही नाही. ते तिथंच बोल. आणि याही वेळी कोणी आवाज चढवला, तर शांतपणे ऊठ आणि दुसऱ्या फादरांकडे जा. एक डॉक्टर फटकळ निघाला म्हणून ताप घेऊन घरी बसतं का कोणी?

आता बाबा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आई काय म्हणते ते तीन वेळा आलंय. तू काय म्हणतेस तेही आलंय. बाबा काय म्हणतात ते कुठंच नाही. कळतं सगळं, मान हलवून सांगतात, हे तूच लिहिलंस. मग विचारलं का त्यांना कोणी?

आईला वेड्यात काढू नकोस. तिची भीती तिनं घरी बसून शोधलेली नाही. कित्येक शतकं हे तेल मरणाच्या दारातल्या माणसालाच लावत, म्हणून 'शेवटचं तेल' हेच नाव पडलं. माझ्या लहानपणी फादर पांढऱ्या झग्यात भरदुपारी सायकलवरून आळीत शिरले, की बाया ओटीवर येऊन एकमेकींना विचारायच्या, "कोण चाललं गं?" हे बघत मोठ्या झालेल्या बाईला तू काय समजावणार? पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६३ सालीच स्पष्ट केलं, की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही, आजाऱ्यांचा आहे. म्हणून आता नाव रुग्णाभ्यंग. दुखणं बळावलं, तर पुन्हाही घेता येतो. ११ फेब्रुवारीला, लूर्दच्या मातेच्या सणाला, आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो. कितीतरी देवळांत त्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना ओळीनं बसवून तेल लावतात. आईच्या ओळखीतलंही कोणी त्यात असेल. तेल लावून घेऊन ती सगळी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत घरी जातात. आणि शेवटचं म्हणून जे खरोखर देतात, ते तेल नव्हेच. तो ख्रिस्तप्रसाद. त्याला लॅटिनमध्ये व्हियाटिकम म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी.

आमच्या ह्यांचं सांगते. वाडीवाला माणूस. केळी, पानवेल, पावसाळ्यात भाजी. केळीच्या चिकानं तळवे कायमचे तपकिरी झालेले, मेंदी लावलीत की काय, असं नवखं माणूस विचारायचं. हृदयाचं दुखणं लांबत गेलं आणि मी फादरांना बोलवायचं टाळत राहिले. तुझ्या आईसारखीच मी, धर्मशिक्षण शिकवणारी बाई! वर्गात फळ्यावर 'रुग्णाभ्यंग' लिहायचं आणि घरी तो विषय निघाला की चहा टाकायला उठायचं. एका महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आळीत आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आले, आमच्याकडे आले, आणि ह्यांनीच विचारलं, "फादर, तेल आणलंय का?"

फादरांच्या खिशात एक गोल डबी होती, अंगठ्याच्या पेराएवढी. आत तेलात भिजलेला कापूस. त्यावर अंगठा दाबला, कपाळावर क्रूस काढला, मग दोन्ही तळव्यांवर. सोबत दोन ओळींची प्रार्थना. वाचनासकट सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. मला वाटलं होतं, आता रडारड होणार. हे मात्र दोन्ही हात वर धरून बसलेले, जेवण झालेला पोर हात धुवायची वाट बघतो तसे. म्हणाले, "पुसू का?" फादर म्हणाले, "नका पुसू, मुरू दे." मग हे तळव्यावर तळवा चोळत बसले, वाडीतून आल्यावर खोबरेल चोळायचे तसे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आमच्या लग्नाला तेव्हा ३८ वर्षं झाली होती. ते हात मी इतक्या निवांतपणे आधी कधी बघितले नव्हते.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. पण ही काही औषधाची जाहिरात नाही, माझ्या बहिणीला तेल लावलं आणि ती तिसऱ्या दिवशी गेली. दोन्ही घरांत एक गोष्ट मात्र सारखीच झाली. तोवर आम्ही खाटेपासून चार हात लांब कुजबुजत होतो, दुखण्याचं नाव काढत नव्हतो. तेल लागलं आणि कुजबुज थांबली. ह्यांनी मला पानवेलीचा हिशेब सांगितला, कोणाचे किती द्यायचे ते सांगितलं, आणि सोसायटीत पडलेल्या एका जुन्या भांडणात आपलीच चूक होती हेही.

ते तेलही ईस्टरशी जोडलेलं आहे. पवित्र आठवड्यात महागुरू, म्हणजे बिशप, सगळ्या धर्मगुरूंसोबत मिस्सा करतात, तिथं वर्षभराच्या तेलांना आशीर्वाद देतात आणि तिथून ती प्रत्येक धर्मग्रामात जातात. यंदाचं तेल अजून ताजं आहे.

कॅलेंडर काढ. १ मेला पहिला शुक्रवार आहे आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टीही, म्हणजे तू घरी. फादरांना आधी भेटून सगळं सांग, आईच्या भीतीसकट. ख्रिस्तप्रसाद घेऊन या म्हणावं, त्याला आई नाही म्हणणार नाही. त्याआधी, या दोन-चार दिवसांत, बाबांच्या उशाशी बस आणि सरळ विचार: बाबा, तेल लावून घ्यायचंय का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली, तर तुझं म्हणणंही बाजूला ठेव, पुन्हा कधी तरी विचार. हो म्हणाले, तर ते आईच्या समोर पुन्हा एकदा विचार, म्हणजे तिला तुझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही, त्यांच्या मानेवरून दिसेल. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची मान तिला तुझ्यापेक्षा जास्त कळते. आणि तेल लावायच्या वेळी तिला स्वयंपाकघरात जाऊ देऊ नकोस. खाटेवर बसव, त्यांचा हात धरायला सांग.

हॉलबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. पहिल्या कम्युनियनचं छोटं लग्न कधी केलं आपण? कॉन्ट्रॅक्टर, स्टेज, फोटोवाला, मुलाला घाम फुटेल असा सूट, आणि त्याच्या हातात पाकिटं कोंबणाऱ्या शंभर अनोळखी मावश्या. पोप दहावे पायस यांनी १९१० साली मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास ख्रिस्तप्रसाद घ्यायची वाट मोकळी केली. त्याआधी मुलांना पुष्कळ मोठं होईपर्यंत थांबवत. फार काही पाठ असायलाही नको म्हणाले, साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक मुलाला कळला पाहिजे. ताटाचा भाव ४०० की ४५० यावर रोज रात्री भांडणं ऐकणाऱ्या मुलाला हा फरक कुठून कळणार? आगाऊ दिलेले थोडे बुडाले तरी बुडू देत, माणसं शंभरावर आण. नावं ठेवणारे ३०० जेवूनही ठेवतात. आणि एक नक्की कर. बाबा हॉलवर येऊ शकणार नाहीत, तेव्हा देवळातून हॉलवर जायच्या आधी नातवाला त्याच कपड्यांत त्यांच्या खाटेपाशी ने. फोटोवाला थांबेल.

मुलाच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती तुझ्या कपाटात कुठं तरी असेल, साड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती शोध. ती कशावरून पेटवली होती ते त्याला सांग. देवळात वेदीजवळ जी उंच मेणबत्ती उभी आहे, तशीच एक त्या वर्षीही होती, तिच्यावरून. यंदाची, शनिवारी रात्री बाहेरच्या विस्तवावर पेटवून काळोखात आत आणली ती. जवळ नेऊन दाखव त्याला: क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं, या वर्षाचे चार आकडे, आणि पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे. पेंटेकॉस्टपर्यंत ती वेदीजवळ असते, मग स्नानकुंडाकडे नेऊन ठेवतात. नंतर ती पेटते कोणाच्या बाप्तिस्म्याला, नाही तर कोणाची शवपेटी देवळात आणली की. 'ईस्टर संपला ना?' असं त्यानं पुन्हा विचारलं, तर म्हण, जाऊन बघून ये, मेणबत्ती जागेवर आहे का. आठ-नऊ वर्षांच्या पोराला मला यापेक्षा सोपं उत्तर माहीत नाही, आणि तुला किंवा मलाही दुसरं लागत नाही. संध्याकाळच्या घंटेची प्रार्थनाही या दिवसांत वेगळी असते, 'स्वर्गाच्या राणी, आनंद कर', आणि ती उभं राहून म्हणतात. तू घरी असशील त्या दिवशी बाबांच्या खाटेशी म्हणा. एका मिनिटाचं काम.

हे सगळं करूनही काही वाटलं नाही, तर? शक्य आहे. दीड वर्ष रात्री दोनदा उठून बापाची कूस बदलणाऱ्या बाईला झोप हवी असते, आणि तेही एकदा घरात बोलून घे, भाऊ असेल तर शनिवारची रात्र त्याच्या नावावर लाव. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लिहिलं होतं, की काही ख्रिस्ती माणसांचं जगणं म्हणजे ईस्टर नसलेला उपासकाळ. हे वाक्य आपल्याकडे प्रवचनांतून पुष्कळ ऐकवतात. त्यांनी लगेच पुढं असंही लिहिलं, की आयुष्याच्या कठीण दिवसांत आनंद तसाच दिसत नाही, हे मला कळतं. ते ऐकवायचं राहून जातं. गेल्या वर्षी ते स्वतः ३८ दिवस रुग्णालयात काढून आले. २० एप्रिलला ईस्टरच्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून सज्जात आले, आवाज फुटत नव्हता, हात जेमतेम उचलला जात होता, तरी आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ईस्टरचा सोमवार होता, तू ६.५२ पकडतेस तोच वार. मी टीव्हीसमोर बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता का, असं कोणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. सज्जात आले होते, एवढं खरं.

डायपरचं म्हणशील, तर दोन पाकिटं जास्तीची आणून ठेवत जा. आमच्याकडेही नेमकी रविवारीच संपायची.

१ मेनंतर चार ओळी लिही. आई खाटेवर बसली का ते कळव. आणि विचारल्यावर बाबांनी मान कशी हलवली, तेही.

तुझी,
बाई